बिनट्यूबचं चाक

हवाई दलात मेजर नसतो, ही गोष्ट कडेगावात कुणालाच मान्य नव्हती. आमच्या घरमालकांनी निवृत्त होऊन गावी आल्यावर ती पटवून द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला होता म्हणे. "आमच्यात कॉर्पोरल असतोय. मी कॉर्पोरल हुतो," असं ते सलूनमध्ये, दूध डेअरीवर, पिठाच्या गिरणीत सांगत फिरले. पण त्या भागात घरटी एक माणूस फौजेत. आणि फौजेतून परत आलेला माणूस, मग तो तिथं बंदूक चालवत असो की भाज्या चिरत असो, गावाला मेजरच असतो. शिवाय कॉर्पोरल हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि ते मेजर झाले. अशी बढती मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी सांगलीची. नर्सिंग करून पहिली नेमणूक मिळाली ती कडेगावच्या आरोग्य केंद्रात, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला. मेजरांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. खोली दाखवताना त्यांनी भाडं सांगितलं नाही की पाण्याची वेळ सांगितली नाही. दाराच्या कडीवर तीनदा टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "स्क्रू ढिला हाय. दहा मिंटं थांबा." मी आपली ट्रंक घेऊन अंगणात उभी. त्यांनी कडी काढली, परत बसवली, परत टकटक केली, एका वहीत काहीतरी लिहून खाली सही केली आणि वही माझ्यापुढं धरली.

"हितं तुमची."

"माझी कशाला, काका?"

"एकट्यानं तपासलेलं तपासलेलं नसतंय, सिस्टर. सर्विसचा नियम हाय."

मी सही केली. पुढच्या अडीच वर्षांत त्या वहीत नळाच्या वायसरपासून काकूंच्या शिलाई मशीनच्या पट्ट्यापर्यंत कशाकशाखाली मी सह्या केल्या असतील, देव जाणे. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण सही सुवाच्य होती एवढं खरं.

हवाई दलात ते विमानांच्या चाकांचं काम करायचे. ते सोडून वीस वर्षं झाली होती, पण चाकांनी त्यांना सोडलं नव्हतं. उंच, किडकिडीत, खाकी अर्ध्या चड्डीला धार निघेल अशी इस्त्री, चष्मा मागून दोरीनं बांधलेला. रस्त्यात कुठलीही सायकल उभी दिसली की वाकून टायरवर बोटाच्या पेरानं ठोकायचे, ऐकायचे आणि मालकाला न विचारता निकाल द्यायचे, "हवा कमी." लोक हसायचे. पण संध्याकाळी हवा भरायला जायचे, हेही मी पाहिलंय.

घरामागं त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं भिंतीवर एक मोठी फळी, आणि फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली. पान्याच्या आकृतीवर पाना, पकडीच्या आकृतीवर पकड. काम संपलं की सगळी हत्यारं आपापल्या आकृतीवर गेली पाहिजेत. हवाई दलातला नियमच तसा: एखादी आकृती मोकळी राहिली तर ते हत्यार विमानात राहिलं असं धरायचं, आणि ते सापडेपर्यंत विमान जागचं हलू द्यायचं नाही. इथवर ठीक आहे. विमानात पाना विसरणं काही चांगलं नाही. पण मेजरांनी हीच पद्धत स्वयंपाकघरात आणली होती. ओट्यामागच्या भिंतीवर पळी, झारा, उलथणं, सांडशी, सगळ्यांच्या आकृत्या. जेवणं झाली की मेजर हात धुऊन भिंतीपुढं उभे राहायचे. एकदा काकूंच्या माहेरची, औंधची मंडळी जेवायला आली असताना झारा सापडेना. मेजरांनी तो सापडेपर्यंत कुणाला पाटावरून उठू दिलं नाही. झारा शेजारणीनं नेला होता. तेव्हापासून माहेरचं माणूस चहा पिऊन सटकतं, असं काकू सांगायच्या.

"आवं, यमाईची शपथ घालते, ह्ये घर हाय का इमान?" त्या विचारायच्या.

"शंका आली की खोलायचं," मेजर म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रेडिओ खरखरला की खोलायचं, कुलूप कुरकुरलं की खोलायचं. एकदा मला दोन शिंका आल्या तर माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं की मी खोलीत जाऊन बसले.

ट्यूब ही त्यांच्या मते माणसानं केलेली सगळ्यात मोठी फसवणूक होती. "इमानाच्या चाकात ट्यूब नसती, सिस्टर. एवढं मोठं धूड जमिनीवर आपटतंय, त्याला ट्यूब लागत न्हाई. आन् तुमच्या आमच्या सायकलीला लागती! घरात घर कशाला? टायर हाय, रिम हाय. हवा मधी कोंडली की झालं."

"मग कोंडा की," काकू आतून म्हणायच्या.

कोंडणं जमत नव्हतं. सायकलच्या रिमला तारांची छत्तीस भोकं, हवा तिथून पळायची. टायरची कड रिमला घट्ट बसत नसे, हवा तिथूनही पळायची. त्यांनी भोकांवर मेण ओतून पाहिलं, डांबर लावून पाहिलं, काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या डिंकात भिजवून गुंडाळल्या. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं त्यांना हात जोडून सांगितलं, "मेजर, तुमचं जमलं तर माझ्या पोरांनी काय खायाचं?" त्यावर मेजर गंभीरपणे म्हणाले, की त्याला ते दुसरं काम शिकवतील.

मी हे सगळं लांबून बघत होते आणि सांगलीला आईला पत्रातून कळवत होते. आपल्यावरही कधी वेळ येईल, हे काही डोक्यात नव्हतं.

माझी सायकल गावात प्रसिद्ध होती. भावानं हौसेनं घेतलेली, रुंद टायरची, आडव्या दांड्याच्या हँडलची. तशा सायकली तेव्हा नव्यानंच निघाल्या होत्या आणि सांगलीतला दुकानदार तिला माउंटन बाईक म्हणायचा. भाऊ पुण्याला शिकायला गेला आणि ती माझ्याकडं आली. साडी खोचून पुरुषी सायकलवर चाललेली नर्स बघायला पहिले काही दिवस माणसं दारात उभी राहायची. नंतर तीच माणसं घाईच्या बाळंतपणाला त्याच सायकलची वाट बघू लागली.

माझ्याकडं डोंगरावरची एक वाडी होती. केंद्रापासून नऊ किलोमीटर, त्यातली शेवटची तीन नुसती चढण. एसटी जात नसे, आणि केंद्राची जीप मोठ्या गावांना पुरत नव्हती. वाटेवर दुतर्फा बाभळी आणि मधे सराटे. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो. त्या वाडीत लहान पोरांना गोवराची लस एकदाही टोचली गेली नव्हती. गोवर अंगावर येऊन गेलेलाच बरा, असं तिथल्या बायकांचं मत. ते बदलायला मला सहा महिने लागले. वाडीत शब्द चालायचा तो हौसाबाईंचा. साठीच्या बाई, नऊ नातवंडं. त्या हो म्हणाल्या आणि फेब्रुवारीतला बुधवार ठरला.

लस केंद्राच्या फ्रिजमध्ये. केंद्र आठला उघडणार, मग बर्फाच्या डब्यात लस भरून निघायचं. त्या बुधवारी मी सव्वाआठला निघाले आणि वाटेत सात वेळा चाक पंक्चर झालं. ठिगळं संपली, सोल्यूशन संपलं, शेवटी पंपाचा वायसर गेला. उरलेली वाट मी सायकल ढकलत गेले. पोचले तेव्हा एक वाजला होता आणि देवळापुढं फक्त हौसाबाई बसलेल्या होत्या.

"ज्वारीची काढणी सोडून बायका अकरापतूर बसल्या, सिस्टर," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. "आता त्या म्हन्त्यात, देवालाच नको असंल."

मी रडकुंडीला येऊन विनवण्या केल्या. हौसाबाईंनी बराच वेळ माझ्या पायांकडं पाहिलं. चपलेचा अंगठा तुटला होता. "पुढच्या म्हैन्यात सुगी सरंल, तवा पयल्या बुधवारी ये. धा वाजंपतूर बसवते त्यास्नी. धाच्या पुढं माझं बी कुणी ऐकायचं न्हाई. आन् परत बोलवू नगंस," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात डोंगराच्या पायथ्याला, ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोपटांत गोवर निघाला. वाडीची माणसं रोज तिथं दूध घालायला उतरत. डॉक्टर आणि जीप टोळीतच अडकले. तिथली दोन पोरं छातीत कफ भरून सांगलीच्या दवाखान्यात न्यावी लागली, त्यांच्यासोबत जीपमध्ये मीच बसले होते. एकाचा श्वास मोजताना माझ्या मनात सारखी वाडी येत होती. बुधवार चुकला तर काय, हे मला त्या जीपमध्ये कळलं.

घरी येऊन मी मेजरांच्या शेडमध्ये गेले आणि माझी सायकल त्यांच्यापुढं उभी केली. "काका, काढा ट्यूब."

मेजरांनी हातातला पाना आकृतीवर नीट टांगला आणि मगच ते माझ्याकडं वळले. आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडं कुणीतरी आपण होऊन आलं होतं. आनंद झाला तरी तोंडावर दाखवायची पद्धत नव्हती. त्यांनी वही उघडली आणि वरती तारीख घातली.

भोकांचा प्रश्न त्यांनी चार दिवसांत सोडवला, आणि अजूनही मला ते आठवून कौतुक वाटतं. लहान मुलांच्या सायकलची ट्यूब आणली, ती बाहेरच्या बाजूनं उभी चिरली आणि पट्टीसारखी उलगडून माझ्या रिमवर ताणून बसवली. छत्तीस भोकं एका दमात बंद, आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह तिचा तिलाच. टायर बसवून बाहेर आलेलं रबर कात्रीनं कापलं. आता काटा घुसला तर भोक टायरलाच पडणार, आणि ते आतून आपोआप बुजावं म्हणून टायरमध्ये काहीतरी चिकट रस हवा होता. तो कुठला, यावर घोडं अडलं.

उसाच्या मुलखातला माणूस. त्याला चिकट म्हटल्यावर काय सुचणार? मेजर गुऱ्हाळावरून काकवी घेऊन आले. त्यात पाणी आणि सॉ मिलचा भुसा कालवला आणि चाकात भरला. दोन दिवस चाक झकास चाललं. मी मुद्दाम काट्यांवरून नेलं, तर भोकातून तपकिरी थेंब यायचा आणि थांबायचा. मेजर वाकून वाकून बघायचे. तिसऱ्या दिवशी चाकाला मुंग्या लागल्या. सकाळी दार उघडलं तर माझी सायकल मुंग्यांनी काळी झालेली. चौथ्या दिवशी मेजरांनी टायरवर ठोकलं आणि ऐकतच राहिले.

"हवा वाढलीया," ते म्हणाले.

"कुणी भरली?"

"कुणीच न्हाई."

उन्हात काकवी आंबली होती. हे काकूंना एका वासात कळलं असतं, पण त्यांना विचारतंय कोण? त्या अंगणात बाजेवर कुरडया घालत होत्या. दुपारी बाराच्या सुमारास तोफ उडावी तसा आवाज झाला. टायर रिमवरून उडालं आणि काकवी, भुसा, मुंग्या सगळं कुरडयांवर, भिंतीवर, काकूंच्या अंबाड्यावर. गल्ली गोळा झाली. काकूंनी तोंड पुसलं, बाजेकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता मला खरंच वाटाय लागलंय, इमान असतं तर बरं झालं असतं. बसून गेले असते."

मेजरांनी वहीत लिहिलं, 'बिघाडाचं कारण: हवामान.' आणि माझ्यापुढं सहीला धरली. चूक झाली, हे शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकले नव्हते. चूक ढिल्या स्क्रूची असायची, लोखंडाची असायची, उन्हाची असायची. त्या दिवशी मी सही केली नाही. बुधवारला नऊ दिवस उरले होते आणि मला त्यांची वही फाडून टाकावीशी वाटत होती.

पण ते थांबले नाहीत. बांधावरच्या शेराच्या झुडपाचा चीक आणला. तो डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होईल म्हणून सर्विसमधला जाड चष्मा घालून, हाताला फडकी बांधून त्यांनी तो बाटलीत धरला. त्यात बाभळीचा डिंक आणि चाळलेली राख. हा रस आंबला नाही, मुंग्यांनी वळून पाहिलं नाही. पाच दिवस झाले तरी चाक ठीक होतं. रोज सकाळी थोडी हवा भरावी लागे, एवढंच.

बुधवार उजाडला. आठला केंद्रातून लस घेतली, डब्यात बर्फ भरला आणि सायकल घ्यायला घरी आले. शेवटची तपासणी करून देतो म्हणून मेजरांनी ती शेडमध्ये ठेवली होती. तपासणी झाली होती, हवा भरून झाली होती. मेजर फळीपुढं उभे होते.

"काका, निघते."

"थांबा. पट्टी न्हाई."

टायर रिमवरून उचकटायची लोखंडी पट्टी. वीतभर लांब. तिची आकृती मोकळी होती.

"मिळेल नंतर. बायका दहापर्यंतच बसणारेत."

"काल पुढचं टायर परत बसवलं, तवा हातात हुती. आत ऱ्हायली आसंल तर उतारावर टायर फाडंल. तुमी तोंडावर पडशीला." त्यांनी सायकलचं हँडल धरलं. "खोलल्याबिगर सायकल सुटणार न्हाई."

मी चिडले, विनवलं, परत चिडले. मोठ्या माणसाशी बोलू नये ते बोलले. खांद्यावरच्या डब्यात बर्फ होता. मी म्हणाले, "मग तुमची सायकल द्या."

"न्या की. पर तीत ट्यूब हाय."

मला ती सात पंक्चरं आठवली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. असा राग मला त्याआधी कुणाचा आला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

त्यांनी टायर खोललं. आत रस होता, राख होती, पट्टी नव्हती. मागचंही खोललं. तिथंही नव्हती. मेजर दोन्ही टायरांमध्ये बोट फिरवत बसले होते तेव्हा काकू तेलाचा डबा घेऊन शेडच्या दारात आल्या. पट्टी डब्याच्या झाकणात अडकवलेली होती.

"झाकण निघंना म्हणून नेली," त्या म्हणाल्या. "आन् माझ्याकडं असं बगू नका. तुमी माझं उलथणं तो चीक ढवळायला नेलंत, तवा मी भिंत मोजली व्हती का?"

मेजरांनी पट्टी घेतली, पुसली आणि आकृतीवर टांगली. मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. टायरची कड हातपंपाच्या हवेनं रिमला लागत नाही, म्हणून टायरभोवती दोरी बांधून त्यात काठी घालून पीळ द्यायचा, म्हणजे कडा बाहेर फाकतात. पीळ काकू देत होत्या, पंप मी मारत होते, मेजर साबणाचं पाणी लावत होते. तिघांच्याही अंगावर फेस. दोन्ही चाकं बसली तेव्हा सव्वानऊ झाले होते.

मी निघाले. थोड्या वेळानं मागं वळून पाहिलं तर मेजर त्यांच्या काळ्या सायकलवर मागून येत होते. मी पायडल आणखी जोरात मारलं. चढण लागली तशी मी उतरले, डबा सांभाळत ढकलू लागले, तर त्यांनी आपली सायकल बाभळीला टेकवून ठेवली आणि माझी सायकल मागून रेटायला लागले. साठीला आलेला माणूस, श्वास भात्यासारखा वाजत होता. तरी थांबा म्हणाले नाहीत. टायर काट्यांनी भरलं होतं, प्रत्येक काट्याभोवती पांढरा ओला ठिपका, आणि हवा जशीच्या तशी.

वाडीवर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. बायका उठल्या होत्या. कुणी पोर काखेला मारलं होतं, कुणी चुंबळ डोक्यावर ठेवली होती. हौसाबाई देवळाच्या पायरीवर हात जोडून उभ्या होत्या, आता बायकांना थांबवायला मला सांगू नका, असा चेहरा करून.

तेवढ्यात मेजर पुढं झाले. दम लागलेला, अंगावर सुकलेला साबण. ते ताठ उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिस्टर येळंवर निघाल्या हुत्या. मी आडवल्या. चूक माझी हाय."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

"कशापायी आडवल्या?" हौसाबाईंनी विचारलं.

"पट्टी गावत नव्हती. लोखंडाची. टायर काढायची."

"मंग गावली का?"

"गावली. कुटुंबानं तेलाच्या डब्याला लावली हुती."

मग हौसाबाईंच्या शेजारची एक तरणी बाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली. हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजे फौजंतल्या माणसाच्या घरात बी बायकूनं ठेवल्याली वस्तू गावत न्हाई व्हय!" आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. एकीनं चुंबळ खाली ठेवली. दुसरीनं पोर खाली उतरवलं. "बसा गं," हौसाबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबून माणूस माफी मागाय आलंय." बायका बसल्या.

डबा उघडला तर बर्फ पुष्कळ शिल्लक होता. अठरा पोरांना मी त्या दिवशी सुई टोचली. रडून रडून डोंगर दुमदुमला. ते रडणं ऐकत मेजर देवळाच्या सावलीत बसून माझ्या टायरमधले काटे एकेक उपटत होते. उतरताना मी त्यांना म्हणाले, "काका, सकाळी मी फार बोलले." ते म्हणाले, "शंका हुती ना. मग खोलायलाच पायजे हुतं." म्हणजे चूक त्यांनी वाडीपुढं मान्य केली, माझ्यापुढं नाही. मी हसले. एवढं पुरे होतं.

पण टोचलं म्हणजे झालं असं नसतं, हे नर्सला माहीत असतं. लस लागू पडायला दिवस जावे लागतात, आणि पायथ्याचा गोवर काही आमच्यासाठी थांबला नव्हता. तो टोळीतून दोन गावांत गेला. मी रोज केंद्रात येणारी पोरं तपासायची आणि दर तिसऱ्या दिवशी वाडी चढायची. पोरांच्या कानामागं बघायचं, डोळे बघायचे, तोंड उघडायला लावून गालाच्या आतून बघायचं. पोरं मला बघून पळायला लागली. रात्री झोपेतही मी कानामागं बघत असायची. या सगळ्या फेऱ्यांत चाकानं एकदाही दगा दिला नाही. पण खरं सांगायचं तर चाकाचं कौतुक करायला माझं मनच जागेवर नव्हतं.

आणि पाडव्याच्या आदल्या आठवड्यात निरोप आला. हौसाबाईंच्या धाकट्या नातवाला ताप भरलाय, डोळे लाल झालेत.

मी निघाले. मेजर न विचारता सोबत आले. पोर पावणेदोन वर्षांचं, तापानं निखाऱ्यासारखं, नाक वाहतंय. गोवराची सुरुवात अगदी अशीच होते. हौसाबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. सुई मी टोचली होती. त्याला गोवर निघाला असता तर त्या वाडीत पुन्हा कुणी दंड पुढं केला नसता, आणि बाकीच्या सतरा पोरांची काळजी वेगळीच. अंगावर पुरळ यायचा तर ताप आल्यापासून तीन-चार दिवसांत येतो. पुढचे तीन दिवस मी रोज वर गेले. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, औषध पाजायचं, कानामागं बघायचं. मेजर घराबाहेर दगडावर बसून राहायचे. आत काय झालं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी दारात पोचले तर पोर चुलीपुढं बसलं होतं. ताप उतरला होता. अंग स्वच्छ, कान स्वच्छ, डोळ्यांतली लाली गेलेली. हातात भाकरीचा तुकडा, तो दुधात बुडवून निम्मा स्वतःच्या पोटावर सांडत होतं. मी त्याला उजेडात नेऊन दोनदा, तीनदा पाहिलं. साधा ताप होता. सर्दीचा. हौसाबाईंनी माझा हात धरला, आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. इतकं मोकळं मी सांगलीहून निघाल्यापासून रडले नव्हते.

बाहेर आले तेव्हा मेजर दगडावरून उठले.

"सर्दी आहे," मी म्हणाले.

मेजर परत खाली बसले. दोरी मागून सोडवून चष्मा काढला, तो पुसायच्या निमित्तानं बराच वेळ खाली बघत राहिले, आणि म्हणाले, "लय बरं झालं. लय म्हंजे लय बरं झालं."

वाडीतल्या एकाही पोराला त्या वर्षी गोवर निघाला नाही. पण ते कळायला अजून महिना जायचा होता. त्या सकाळी मला एवढंच माहीत होतं की एक पोर भाकरी खातंय. मी साडी खोचली, सायकलवर बसले आणि उताराला लागले. मागून मेजर ओरडत होते, "ब्रेक! आवं सिस्टर, ब्रेक लावा!" मी वाडीपासून खालच्या ओढ्यापर्यंत ब्रेकला हात लावला नाही.